जर्मनच्या क्लासमध्ये व्याकरण आणि भाषांतर: या चुका टाळा

विद्यार्थी विभक्तीचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवतो आणि तोंडी परीक्षेत मात्र गप्प बसतो. मग खापर फुटतं व्याकरण-भाषांतर पद्धतीवर, म्हणजे नियम आणि तक्ते पाठ करून वाक्यांची भाषांतरं करत भाषा शिकवण्यावर. ही ओरड जुनीच आहे. १८८२ साली जर्मन भाषातज्ज्ञ व्हिल्हेल्म व्हिएटोरने टोपणनावाने पुस्तिका काढून या पद्धतीवर तुटून पडायला सुरुवात केली होती. पण मराठी मुलांपुरतं बोलायचं तर माझा संशय भाषांतरावर कमी आणि इंग्रजीमार्गे होणाऱ्या भाषांतरावर जास्त आहे.

इंग्रजीचा वळसा. ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो.’ मराठीत वर्तमानकाळ, जर्मनमध्येही वर्तमानकाळच: ‘इश वोने जाइट त्स्वाय यारेन इन पुणे’. मुलं मात्र मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतात, तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ येतं आणि मग जर्मनमध्येही ‘हाबं गेवोन्ट’ असं भूतकाळी रूप लिहून मोकळी होतात. थंडीचं तेच. आपल्याकडे थंडी ‘मला’ वाजते, जर्मनमध्येही ‘मिअर इस्ट काल्ट’. ‘आय ॲम कोल्ड’वरून ‘इश बिन काल्ट’ केलं, तर ऐकणाऱ्याला तुम्ही भावनाशून्य आहात असं वाटू शकतं! ‘मला आवडतं’, ‘मला दुखतं’ अशी घरची उदाहरणं हाताशी असताना चतुर्थी इंग्रजीतून का समजवायची? ‘वाइल’नंतर (म्हणजे ‘कारण’नंतर) क्रियापद शेवटी जातं, याचाही मराठी माणसाने धसका घ्यायचं कारण नाही, आपलं क्रियापद एरवीही शेवटीच असतं. मराठीवरून थेट जर्मनवर या, मधलं इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहूच नका.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी दगा देते. लिंगं दोन्हीकडे तीन, पण आपलं दार नपुंसकलिंगी आणि त्यांचं स्त्रीलिंगी. सूर्यसुद्धा तिकडे स्त्रीलिंगी. इथे पाठांतराला पर्याय नाही.

तक्ता आधी, वाक्य नंतर. शाळेत संस्कृत घेतलेली मुलं ‘देर, देन, देम’ ही नामापुढच्या उपपदाची रूपं ‘रामः रामौ रामाः’च्या चालीवर म्हणतात. बोलताना प्रत्येक नामापाशी अडखळून तक्त्यात रकाना शोधतात. त्याऐवजी ‘मिट देम बुस’ (बसने), ‘इन देर शूले’ (शाळेत), ‘नाख देम एसन’ (जेवणानंतर) असे अख्खे तुकडे तोंडात बसवा. पंधरा-वीस तुकडे झाले की तक्ता दाखवा. तेव्हा तो पटकन समजतो.

सुटी वाक्यं. ‘माळ्याच्या भावाची टोपी टेबलावर आहे’ हा जुन्या तर्खडकर भाषांतर पाठमालेचा थाट आता पुरे. घरमालकाचा जर्मन निरोप द्या: गुरुवारी दुपारी पाणी बंद राहील. तो वाचून आईला मराठीत फोनवर काय सांगशील, हे विचारा. शब्दाला शब्द नको, कामाचं तेवढंच. भाषेच्या ए१ ते सी२ पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय भाषाचौकटीच्या २०२० च्या पुरवणी खंडात अशा ‘मध्यस्थी’च्या कौशल्याला स्वतंत्र निकष आहेत, तेव्हा हे मागासलेपणाचं लक्षण नव्हे.

मराठीवर सरसकट बंदी. हे दुसरं टोक. दोन मिनिटांत मराठीत उलगडणारा नियम हातवारे करून वीस मिनिटं शिकवण्यात काहीच आधुनिक नाही. नियम मराठीत सांगा, सराव जर्मनमध्ये घ्या.

परीक्षेकडे उशिरा पाहणं. ग्योथे संस्थेच्या बी१ या मधल्या पातळीच्या जर्मन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार विभाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. भाषांतराचा वेगळा विभाग नाही. तरी अनेक क्लासमध्ये ऐकण्याचा सराव शेवटच्या आठवड्यात उरकतात. तो पहिल्या धड्यापासून रोज दहा मिनिटं ठेवा.