ट्रस्टचं पाण्याचं न आरोग्याचं काम खरंच लागू पडलं का, आपलं आपण कसं तपासायचं

मंडळी, आपल्या खान्देशात कुठं ना कुठं आरओ प्लांटचं उद्घाटन, हातपंप, आरोग्य शिबिर चालूच असतं, आणि वर्षाअखेरी रिपोर्टात छापून येतं की इतके हजार लाभार्थी. बऱ्याचदा ती गावाची लोकसंख्याच उचलून टाकलेली असते, त्यामुळे तो आकडा वाचून पुढं सरका. आपल्याला बघायचंय घरातल्या माठातलं पाणी कसंय आणि लेकरं कमी आजारी पडतात का, बस.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ट्रस्टचे हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जमा होतात, ते मागा. पैसा कंपनीच्या सीएसआरचा (म्हणजे कंपनीनं कायद्यानं समाजकामावर करायच्या खर्चाचा) असेल तर अजून एक गोष्ट विचारा, २०२१ च्या नियमांपासून ज्या कंपनीवर सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर खर्चाचं बंधन आहे तिला १ कोटी आणि वरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा परिणाम झाला का याची तपासणी, बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यावंच लागतं. पण त्या एजन्सीला पैसे कंपनीच देते हे डोक्यात ठेवूनच वाचायचं.

आता गावात. ट्रस्टच्या गाडीत बसून जाऊ नका, न सांगता जा. प्लांट चालू आहे का, लाइट बिल कोण भरतं, मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) शेवटचं कधी बदललं, बिघडला तर फोन कुणाला लावतात. उद्घाटनाला वर्ष झालेलं असेल तर अजून बरं, पहिल्या सहा महिन्यात सगळंच चकाचक असतं. कुणी टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवला तर खुश होऊ नका, तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतूंचं त्याला काही कळत नाही. जंतूंसाठी एचटूएस बाटली घ्या, स्वस्तात मिळते, खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळी पडली की समजायचं पाण्यात मैल्याचे जंतू असायची दाट शंका. मग लॅबला पाठवा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याला लॅब आहेत, निर्जंतुक बाटलीत भरून बर्फात ठेवून २४ तासाच्या आत पोचवायचं. भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलीत ई-कोलाय (मैल्यातला जंतू) एकही नको, आणि खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट ४५ मिग्रॅ प्रति लिटरच्या आत हवं. आपल्याकडे केळीला, कापसाला खत किती पडतं ते सांगायला नको, म्हणून नायट्रेट आवर्जून तपासा.

सॅम्पल नळाचं एक आणि घरातलं एक असं जोडीनंच घ्या, हा मुद्दा सगळ्यात जास्त लोक विसरतात. केनियात झरे बांधून झाकले तेव्हा अर्थशास्त्रज्ञ मायकल क्रेमर आणि त्यांच्या टीमनं मोजलं, झऱ्यावर मैल्याचे जंतू दोन तृतीयांशानं घटले पण घरात साठवलेल्या पाण्यात जेमतेम पाव भागानं. कारण आपल्याही घरात दिसतं, पाणी स्वच्छ येतं, मग माठात तांब्या बुडतो आणि तांब्यासोबत चार बोटं. ओगराळं आहे का, माठावर झाकण आहे का, हे विचारू नका, "माय, पानी दे व" म्हणा आणि ती कसं काढते ते बघा. विचारलं तर सगळे हो म्हणतात, पाहुण्याला नाही कोण म्हणणार.

आजाराचं विचारताना "पोराला जुलाब होतात का" असं मोघम नको. गेल्या सात दिवसात एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली का, असं नेमकं विचारा. पाड्यावर गेलात तर पावरी किंवा भिली बोलणारं माणूस सोबत घ्या, ट्रस्टचा कार्यकर्ता दुभाषा नको. आशाताईचं रजिस्टरही बघा, पण बरेच लोक प्रायव्हेट डॉक्टरकडे जातात ते त्यात येत नाही.

तुलनेशिवाय काहीच सिद्ध होत नाही. जुलाब पावसाळ्यात वाढतात, म्हणून जुलैचा आकडा आधीचा न जानेवारीचा नंतरचा धरला की कुठलाही ट्रस्ट हिरो दिसतो. जुलैशी जुलैच. नंदुरबारकडे अजून एक भानगड, दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात, तेव्हा हिवाळ्यात सर्व्हे केला तर निम्मे पाडे रिकामे आणि आजारी पोरंही कमी. शेजारचं गाव निवडताना सारखंच निवडा, तापीकाठच्या गावाची शिंदखेड्याकडच्या टँकरवाल्या गावाशी जोडी लावू नका. ट्रस्टनं काम टप्प्याटप्प्यानं करायचं ठरवलं असेल तर सोन्याहून पिवळं, कोणतं गाव आधी ते चिठ्ठी टाकून ठरवायला सांगा (केनियातही तसंच केलं होतं), मग मागे राहिलेली गावं तुलनेला आयती मिळतात.

शिबिरांना हाच नियम. मोतीबिंदूची ऑपरेशनं किती झाली ते फ्लेक्सवर असतंच, तुम्ही दोन महिन्यांनी पेशंटच्या घरी जा आणि चार्ट लावून नजर मोजा. बीपी शिबिरात सापडलेल्यांपैकी आज गोळी कोण घेतंय ते घरी जाऊन बघा, गोळ्यांचं पाकीट हातात घ्या.

शेवटी एकूण खर्चाला वर्षानंतरही खरोखर चांगलं पाणी पिणाऱ्या घरांनी भागा आणि तोच आकडा आपल्या रिपोर्टात वर लिहा. रिपोर्ट आधी ग्रामसभेत वाचा, मग ट्रस्टला द्या. आणि एखादं गाव त्यांनी बघूच दिलं नाही तर तेही त्या गावाच्या नावासकट लिहून टाका.