एसटीपीच्या गाळाचं कंपोस्ट: नत्राचा टक्का फसवतो

एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, सेंट्रिफ्यूज किंवा बेल्ट प्रेस या पाणी काढणाऱ्या यंत्रांतून निघालेल्या गाळात सुमारे ८० टक्के पाणी असतं आणि कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर ८-९च्या आसपास. असाच ढीग लावला तर हवा आत जात नाही, गाळ सडतो आणि नत्र अमोनिया होऊन उडतं. म्हणून कोरडा, कर्बयुक्त माल मिसळावाच लागतो. किती, ते मोजून काढा.

१,००० किलो गाळात २०० किलो कोरडा भाग असतो. त्यात कर्ब ३५ टक्के धरला तर ७० किलो आणि नत्र ४ टक्के म्हणजे ८ किलो. त्यात १० टक्के ओलाव्याचा ४०० किलो लाकडाचा भुसा घातला की मिश्रणाचा ओलावा ६० टक्क्यांवर येतो आणि गुणोत्तर २८च्या आसपास. भुशाऐवजी साखर कारखान्यातून नुकतंच आलेलं बगॅस (उसाचा चोथा) वापरणार असाल तर जपून: त्यातच ५० टक्के पाणी असतं, त्यामुळे त्याच ओलाव्यासाठी तब्बल २,००० किलो लागेल. आधी वाळवून घ्या. नुसत्या बारीक भुशाने ढीग दबतो, म्हणून थोडा भाग २ ते ५ सेंटिमीटरच्या फांद्यांच्या तुकड्यांचा ठेवा. प्लायवूडचा भुसा नको. चुना मिसळलेला गाळही नको, कारण सामू (pH) चढला की अमोनिया लगेच सुटतो.

मिश्रण मुठीत दाबून पाहा. गोळा व्हावा, बोटांत ओल जाणवावी, पण थेंब गळू नये.

ढीग दीड मीटर उंच, तळाशी अडीच-तीन मीटर रुंद आणि शेडखाली लावा. गळणारं पाणी परत एसटीपीच्या इनलेटला सोडा. वरून तयार कंपोस्टचा १०-१५ सेंटिमीटर थर दिला की वास आणि अमोनिया दोन्ही बरेच अडतात. बाजारातलं जिवाणूंचं कल्चर विकत घ्यायची गरज नाही, गाळात जिवाणूंची कमतरता कधीच नसते. त्यांना हवी असते ती हवा.

पहिले एक-दोन दिवस मध्यम तापमानाचे जिवाणू काम करतात. पारा ४५ अंशांवर गेला की बॅसिलससारखे उष्णताप्रेमी ताबा घेतात. लांब दांड्याच्या थर्मामीटरने अर्धा मीटर खोल तापमान रोज मोजा. सांडपाण्याच्या गाळासाठीच्या अमेरिकेच्या ५०३ नियमानुसार अशा ढिगात किमान ५५ अंश १५ दिवस टिकायला हवेत आणि त्या काळात पाच पलट्या व्हायला हव्यात. पलटीत बाहेरचा थंड थर आत जातो; तो बाहेरच राहिला तर साल्मोनेलासारखा रोगजंतू तिथून पुन्हा पसरतो. कच्चा गाळ उचललेली लोडरची बादली न धुता तयार मालात घातली तरी तेच होतं. पारा ७० ओलांडू लागला तर लगेच पलटी मारा, नाहीतर कामाचे जिवाणूच मरतात.

तापमान उतरू लागलं की वरचा थर हाताने बाजूला करा. खाली राखेसारखी पांढरी बुरशीवजा जाळी दिसेल. ते ॲक्टिनोमायसीट्स, म्हणजे धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू; पहिल्या पावसाच्या मातीचा वास त्यांचाच. भुशातलं चिवट लिग्निन फोडण्याचं काम मुख्यतः बुरशींचं, आणि ते संथ चालतं. त्यामुळे कागदावर गुणोत्तर २८ दिसलं तरी सगळा कर्ब जिवाणूंच्या हाती लगेच येत नाही आणि सुरुवातीला अमोनियाचा वास येतोच.

४० अंशांखाली चार-सहा आठवडे मुरू द्या. नायट्रोसोमोनास जिवाणू आणि त्यांचे सोबती याच काळात अमोनियम नत्राचं नायट्रेट करतात; गरम ढिगात त्यांना जगता येत नाही. नायट्रेट वाढलं आणि अमोनियम घटलं, की खत मुरत आलं. या टप्प्यात पाऊस लागला तर हेच नायट्रेट आणि पालाश वाहून जातं. पालाश गाळात मुळातच कमी असतं, कारण ते विरघळून सांडपाण्याबरोबर निघून गेलेलं असतं.

आता टक्क्याची गोष्ट. वरच्या मिश्रणात ५६० किलो कोरडा माल आणि भुशातलं धरून ८.७ किलो नत्र होतं, म्हणजे १.५५ टक्के. माल आटून ३७३ किलो झाला आणि नत्र ६.१ किलो उरलं, तर प्रयोगशाळा १.६ टक्के दाखवेल. टक्का जवळपास तोच, पण तीस टक्के नत्र हवेत गेलेलं! स्फुरद उडत नाही, म्हणून नत्राला स्फुरदाने भागा. मालात स्फुरद ३ किलो धरलं तर सुरुवातीला ८.७ भागिले ३, म्हणजे २.९, शेवटी ६.१ भागिले ३, म्हणजे २. घट लगेच दिसते.

जड धातूही उडत नाहीत. भुशाने पातळ झालेले जस्त-कॅडमियम ढीग आटला की पुन्हा घट्ट होतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला जस्ताची मर्यादा किलोला १,००० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ आहे. गटारात कारखान्यांचं पाणी येत असेल तर भुसा विकत घेण्याआधीच गाळ तपासा.