गोबरा घ्यावा तो दोन विती लांबीचा

सुरमई, पापलेट आणि बांगडा विकले गेल्यावर बाजाराच्या कडेला जाड ओठांचा, तपकिरी अंगाचा एखादा मासा पडलेला दिसतो. मालवणकडे त्याला गोबरा म्हणतात, गोव्यात गोबरो, आणि याच कुळातील काही जातींना हेकरू. हा खडकांच्या आणि प्रवाळांच्या कपारीत राहणारा मासा आहे. पुढील माहिती मुख्यतः अंगावर नारिंगी-तपकिरी ठिपके असणाऱ्या जातीची आहे. तिचे शास्त्रीय नाव एपिनेफेलस कोयोइडिस.

ओळखण्यासाठी पाठीवरचा पर उघडून पाहावा. त्यात ११ ताठ काटे असतात. शेपटीची कड गोलाकार असते आणि खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो. तोंड मोठे असण्याचे कारण त्याच्या शिकारीत आहे. गोबरा कपारीत निश्चल थांबतो आणि खेकडा, कोळंबी किंवा लहान मासा टप्प्यात आला की तोंड एकदम उघडून पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो. दातांचे काम भक्ष्य धरून ठेवण्यापुरतेच असते. म्हणूनच पोट कापताना कधी कधी आत जवळजवळ अख्खा खेकडा मिळतो.

निवडताना ताजेपणाइतकेच लांबीकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. गोबरे आधी मादी असतात. या जातीच्या माद्या २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या झाल्यावर अंडी घालण्यायोग्य होतात, आणि पुढे ५५ ते ७५ सेंटिमीटरच्या दरम्यान त्यांतील काहींचे नरात रूपांतर होते. एक वीतभर पिल्लू घेतले तर ते एकदाही अंडी न घालता ताटात येते. तीन वितींहून मोठा मासा घेतला तर आधीच थोडे असलेले नर कमी होतात. सुमारे दोन विती, म्हणजे ४० ते ५० सेंटिमीटर लांबीचा आणि साधारण एक ते दोन किलो वजनाचा मासा घ्यावा. कल्ले लालभडक, डोळे फुगीर व स्वच्छ असावेत आणि मांस बोटाने दाबल्यावर लगेच वर यावे.

मोठा मासा टाळण्याचे दुसरे कारण आरोग्याचे आहे. शिकारी माशाच्या शरीरात वयाबरोबर पारा साठत जातो. गरोदर स्त्रियांनी गोबरा आठवड्यातून एकदाच खावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. शिवाय प्रवाळांवरील सूक्ष्म शैवालांमुळे निर्माण होणारे सिग्वाटॉक्सिन नावाचे विष काही प्रदेशांतील मोठ्या माशांत साठते आणि ते शिजवूनही जात नाही. त्यामुळे प्रवाळ बेटांकडून आलेल्या मोठ्या गोबऱ्याचे काळीज (यकृत) आणि गाबोळी मुळीच खाऊ नये.

पोषणाच्या दृष्टीने १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १९ ग्रॅम प्रथिने, जेमतेम १ ग्रॅम चरबी आणि ९२ कॅलरी असतात. सेलेनियम आणि पोटॅशियमही चांगले मिळते. ओमेगा-३ साठी मात्र बांगडाच खावा.

साफ करताना आधी कात्रीने पर कापावेत, कारण काटे हाताला खोलवर लागतात. खवले बारीक आणि कातडीत घट्ट रुतलेले असतात, म्हणून शेपटीकडून डोक्याकडे सुरीच्या पाठीने सावकाश खरवडावेत. मांस घट्ट असल्यामुळे तुकड्या बोटभर जाड ठेवाव्यात. चरबी कमी असल्याने फार शिजवल्यास ते चिवट होते. म्हणून ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि तिरफळे घातलेला रस आधी उकळू द्यावा, मग तुकड्या सोडाव्यात आणि सात-आठ मिनिटांत आमसूल घालून गॅस बंद करावा. डोके फेकू नये. कल्ले काढून ते उभे चिरावे आणि तुकड्यांच्या आधी पाच मिनिटे रसात टाकावे. गालाचे मांस आणि ओठांचा चिकट गर यांमुळे रसाला जो दाटपणा येतो, तो नुसत्या तुकड्यांनी येत नाही.