मेक्सिकोत ‘दिआ दे मुएर्तोस’ला कुणी घरी बोलावलंय? या चुका टाळा

‘दिआ दे मुएर्तोस’ म्हणजे मृतांचा दिवस, गेलेल्यांची आठवण काढायचा मेक्सिकन सण. ऑक्टोबर लागला की मेक्सिको सिटीत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचे तेच ते प्रश्न सुरू होतात आणि नोव्हेंबरात त्याच त्या चुकांचे किस्से कानावर येतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठा घोळ फोटोचा. घरात ओफ्रेन्दा मांडतात, म्हणजे गेलेल्यांसाठीची आरास: सेम्पासुचिलची फुलं (आपला झेंडू, मूळचा इथलाच), मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, कोपालचा धूप, त्यांच्या आवडीचं खाणंपिणं आणि त्यांचे फोटो. मोकळे यजमान पाहुण्यालाही सांगतात, तुमच्याही कुणाचा फोटो आणा. पुण्याहून कंपनीने पाठवलेला एक मुलगा असाच आजोबांचा फोटो घेऊन गेला. फोटो कुठला, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा, सहस्रचंद्रदर्शनाचा, जाता जाता छापून घेतलेला. आजोबांच्या शेजारी आजी. आजी साताऱ्यात, ठणठणीत. सेन्योरांनी, म्हणजे घरच्या बाईंनी, आजीवर बोट ठेवून विचारलं, “या कधी गेल्या?” हा म्हणतो, “गेल्या नाहीत, सकाळीच बोललो.” बाई काही न बोलता आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या.

जिवंत माणसाचा फोटो ओफ्रेन्दावर ठेवत नाहीत. आपल्याकडे जित्याजागत्या माणसाच्या फोटोला हार घालून बघा, घरचे काय म्हणतात ते! शेवटी आजोबा एका बाजूने वेडेवाकडे कापलेले, एकटेच उभे राहिले. यजमानांना आधी एक मेसेज टाकायला काय झालं होतं, असं मी त्याला विचारलं. तर म्हणे, व्हिडिओ बघितला होता. हे व्हिडिओ बघून येणारेच जास्त घोळ घालतात.

मी एकट्याचाच फोटो नेते, साध्या चौकटीत, आणि त्या माणसाला काय आवडायचं ते देतानाच सांगते. चहा म्हटलंत तर चहाचा कप मांडला जातो. कसे गेले, कशाने गेले, ही चौकशी तुम्हीही यजमानांकडे करू नका. काय आवडायचं ते विचारा, तासभर गप्पा होतात.

ओफ्रेन्दावरचं उचलून तोंडात टाकू नका. आधी त्यांचं, मग आपलं. नंतर ते सगळं वाटतातच. त्यातला वास-चव निघून गेलेली असते असं लोक म्हणतात. पाव तर शिळाच झालेला असतो, तरी मी खाते.

शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी सांगा. तामालेसच्या (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) पिठात बहुधा डुकराची चरबी असते, मिरची-चीजवाल्यांतही. मोलेत, म्हणजे मिरची-मसाल्याच्या दाट रश्शात, बहुधा कोंबडीचं पाणी असतं. ताट हातात आल्यावर उलटतपासणी नको.

रिकाम्या हाताने जाऊ नका: झेंडू, मेणबत्त्या नाहीतर पान दे मुएर्तो, म्हणजे या सणाचा गोड पाव.

हॅलोविनचे कपडे घालू नका. तोंडावर कवटी रंगवायची तर रस्त्यावर रंगवा, घरी जाताना विचारून.

तारखा सरसकट धरू नका. साधारणपणे १ नोव्हेंबर लहान मुलांचा, २ मोठ्यांचा; ज्या दिवशी बोलावलंय त्याच दिवशी जा.

शहरातली मोठी मिरवणूक बघून ‘झालं बघून’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. २०१५च्या बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली, मग २०१६पासून शहराने खरोखरच काढायला सुरुवात केली. बघा, मजा येते. पण परंपरा म्हणून गावी फोन करून सांगू नका.

आता स्मशान. मिस्किकला, शहराच्या कडेच्या जुन्या गावात, २ तारखेच्या रात्री कबरींवर मेणबत्त्या लावून घरचे लोक बसलेले असतात, आणि आपला माणूस त्यांच्या मधोमध ट्रायपॉड उघडतो. फ्लॅश वेगळाच. मला याची भयंकर चीड आहे. कुणाची आई तिथे आहे, समोर मुलगी बसलीय, आणि तुम्ही तिला ‘जरा डावीकडे’ म्हणता? माझा फोन पहिला तासभर पर्समधून निघत नाही. ‘बुएनास नोचेस’ (रात्रीचा नमस्कार) म्हणते, कुणी बसा म्हटलं तर बसते, गरम काही दिलं तर पिते. मग विचारते. बहुतेक जण हो म्हणतात, नाही म्हणाले तर पुढे जाते. कबरीवरून ढांगा टाकू नका, पाकळ्यांची वाट तुडवू नका.

स्वेटर घ्या, शहर सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, रात्री दात वाजतात. आणि परतीची सोय निघायच्या आधीच करा. मेट्रोची १२ नंबरची लाइन त्लावाक स्टेशनला संपते, मिस्किक तिथून बरंच पुढे आहे, आणि गर्दीत मध्यरात्री टॅक्सी मिळत नाही.