अंग साथ देत नसताना ससे पाळायचे असतील तर

माझ्या हातांना संधिवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर तरी मूठ नीट वळत नाही. ससे आणले तेव्हा औषध लागू पडलं होतं, हात बरे चालत होते, आणि त्या भरात मी पिंजरे तीन मजली केले. खालचा जमिनीपासून वीतभर, वरचा डोक्याच्या वर, दारांना घट्ट स्प्रिंगच्या कड्या. दोन महिन्यांनी दुखणं उसळलं आणि चार दिवस मला एकही कडी उघडता आली नाही. जाळीतून गवत कोंबून वेळ मारून नेली. नंतर सगळं मोडून पुन्हा बांधलं, या वेळी वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवून.

दुखणं संधिवाताचं असो, पाठीचं, दम्याचं किंवा सततच्या थकव्याचं, सुरुवात इथूनच करा.

१. आधी वाईट दिवसाची यादी

दुखणं सगळ्यात जास्त असतं त्या दिवशी तुम्ही किती वेळ उभे राहू शकता? किती वजन उचलता? गुडघ्यापर्यंत वाकता येतं का? बोटांनी चिमटीत धरता येतं का? खरी उत्तरं कागदावर लिहा. त्या दिवशी पंधरा मिनिटंच उभं राहता येत असेल, तर सशांचं रोजचं काम पंधरा मिनिटांत बसलं पाहिजे. पिंजरे किती आणि ससे किती, हे त्यावरून ठरवायचं.

ससे आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा सांगा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हे टाळू नका. सशांकडून माणसाला नायटा होऊ शकतो, केसांत राहणारे बारीक किडे अंगावर पुरळ आणतात, आणि ओरखड्यातून किंवा चाव्यातून जंतुसंसर्ग होतो. सशांच्या मूत्रातून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही, पण प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्याला तो भोवू शकतो. अशा वेळी साफसफाई दुसऱ्यानं करावी. खाऊ घालणं तुमच्याकडे ठेवता येतं, तेही हातमोजे घालून आणि नंतर साबणानं हात धुऊन. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घालावा. सशाची मागची नखं लागली तर रक्त लवकर थांबत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारून घ्या.

२. थोडे आणि हलके ससे

एक नर, दोन माद्या. सुरुवातीला याच्या पुढे जाऊ नका. मोठ्या जातींचा ससा चार ते पाच किलो भरतो आणि उचलताना धडपडतो. हात किंवा पाठ कच्ची असेल तर दोन-अडीच किलोच्या आसपासची जात घ्या. त्याहून महत्त्वाचा स्वभाव. पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरून अंगावर येणारी मादी कितीही देखणी असली तरी तुमच्या कामाची नाही.

३. पिंजरा तुमच्या मापाचा

यावर वेळ घालवा, कारण पुढचं निम्मं कष्ट इथे वाचतं. एकच मजला, आणि पिंजऱ्याचा तळ तुमच्या कमरेच्या उंचीला. खुर्चीत बसून काम करणार असाल तर बसल्यावर कोपर येतं त्या उंचीला. खोली साठ सेंटीमीटरच्या पुढे नको. मागच्या कोपऱ्यात दडलेल्या सशासाठी खांद्यापर्यंत आत शिरावं लागलं की पाठ गेलीच म्हणून समजा. दार समोर आणि रुंद. कडी अशी की मुठीनं ढकलली तरी उघडेल. मी दाराला लाकडी फिरकी बसवली आहे, ती कोपरानंही फिरते.

तळाला अर्धा इंच गुणिले एक इंच भोकांची जाळी असली की लेंड्या खाली पडतात आणि रोज झाडावं लागत नाही. मात्र सतत जाळीवर बसून सशांच्या मागच्या पायांना जखमा होतात, म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात एक गुळगुळीत फळी हवीच.

पाण्याच्या बाटल्या रोज काढून भरणं हा दुखऱ्या हातांचा मोठा शत्रू. त्याऐवजी उंचावर एक डबा, त्यातून नळी आणि प्रत्येक पिंजऱ्यात निपल, म्हणजे सशानं तोंड लावलं की पाणी सोडणारी लहान तोटी, अशी सोय करा. डबा खाली उतरवायचा नाही, होजपाइपनंच भरायचा. प्रत्येक निपल मात्र रोज बोटानं दाबून पाहायचा. तो तुंबला तर बाहेरून काही कळत नाही, आणि पाणी तुटलं की ससा खाणंही थांबवतो.

सावली आणि हवा भरपूर हवी. सशाला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तीस अंशांच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि कडक उन्हाळ्यानंतर काही आठवडे नरही पैदाशीला निकामी ठरू शकतो. बाटल्यांत पाणी गोठवून पिंजऱ्यात आडव्या ठेवा, ससे त्यांना टेकून बसतात.

४. उचलायचं कमी, सरकवायचं जास्त

कान धरून उचलणं चूकच. पण मागचे पाय अधांतरी सोडून उचलणं त्याहून वाईट: ससा जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्यानं त्याचाच कणा मोडू शकतो. हातात जोर नसेल तर उचलूच नका. दाराच्या रुंदीची एक पेटी पिंजऱ्यात ठेवायची आणि दोन-चार दिवस त्यातच थोडं खाद्य द्यायचं. ससा आपणहून पेटीत जाऊन बसतो, मग झाकण लावून पेटी सरकवत ढकलगाडीवर घ्यायची. मादी नराकडे नेणं, वजन करणं, नखं कापायला नेणं, सगळं या पेटीतून होतं.

५. मुख्य जेवण संध्याकाळी

संधिवातवाल्यांना ससे सोयीचे वाटतात ते यामुळे. ससा पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री जास्त खातो, दुपारी पेंगतो. म्हणून मुख्य खाद्य संध्याकाळी, हात मोकळे झालेले असताना द्यायचं. सकाळी फक्त पाणी बघायचं आणि एक फेरी मारायची.

वाळलेलं गवत कायम समोर हवं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते गवतानं झिजतात, आणि आतडंही त्याच्यावरच चालतं. बाजारातलं गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य मोजकं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला मात्र हात आखडू नका. बऱ्या दिवशी आठवड्याचं खाद्य मापं करून झाकणाच्या लहान डब्यांत भरून ठेवा. वाईट दिवशी फक्त डबा उपडा करायचा.

फेरी मारताना तीन गोष्टी बघा: कालचं खाणं संपलं का, लेंड्या गोल आणि भरपूर आहेत का, ससा नेहमीसारखा पुढे आला का. दिवसभरात, म्हणजे बारा तासांत, सशानं काहीच खाल्लं नाही आणि लेंड्याही नाहीत, तर थांबून चालत नाही. त्याचं आतडं बंद पडत असतं. लगेच पशुवैद्य गाठा.

एक गोष्ट आपल्यासारख्या आजारी माणसांसाठी खास. आपल्या घरात औषधांचा डबा भरलेला असतो, आणि ससा आजारी दिसला की हात त्याकडे वळतो. तो वळू देऊ नका. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

६. विणीचा हिशोब स्वतःच्या तारखांशी जुळवा

मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर तिच्याकडे नाही. आपल्या जागेत ती त्याला फोडून काढते. गर्भकाळ साधारण एकतीस दिवसांचा. अठ्ठाविसाव्या दिवशी मऊ गवत घातलेली विण्याची पेटी आत ठेवायची. पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात, दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. मादी दिवसातून एक-दोनदाच, तेही काही मिनिटं पाजते, त्यामुळे ती पिल्लांजवळ बसत नाही म्हणून घाबरू नका. पिल्लांची पोटं टम्म दिसली की झालं. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना आईपासून वेगळं करता येतं.

म्हणजे नर दाखवल्यापासून पिल्लं वेगळी होईपर्यंत साधारण अडीच-तीन महिने तुम्ही बांधलेले. शस्त्रक्रिया, औषधाचा नवा डोस, किंवा दरवर्षी दुखणं वाढतं तो ऋतू या काळात येत असेल तर मादी रिकामी ठेवा. तिचं काही बिघडत नाही. ताकद असेल तेव्हा दोन्ही माद्या एकाच दिवशी दाखवाव्यात. एकीला पिल्लं जास्त झाली किंवा दूध कमी पडलं तर काही पिल्लं दुसरीखाली घालता येतात. तीन महिन्यांची व्हायच्या आत नर-मादी पिल्लं वेगळी करायलाच हवीत. हे टाळलं तर ससे किती होतील ते तुमच्या हातात राहत नाही.

मांसासाठी पाळत असाल तर कापायचं काम कोण करणार, हे पहिल्या विणीच्या आधी ठरवा. त्याला घट्ट पकड लागते. डळमळत्या हातांनी केलं तर जनावराचे हाल होतात.

७. धूळ आणि लेंडीखत

दमा असेल तर गवताची पेंढी बंद जागेत सोडू नका. उघड्यावर, मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून. बुरशी लागलेलं गवत तुमच्या फुप्फुसांनाही नको आणि सशांनाही नको. पिंजऱ्याखाली नाक चुरचुरलं तर मूत्राचा अमोनिया साठला आहे, खालचा थर त्याच दिवशी काढायचा. लेंड्या लहान बादल्यांत, अर्ध्याच भरून न्याव्यात. त्या कुजवायची गरज नसते, थेट झाडांच्या बुंध्याशी टाकता येतात. पिंजऱ्याखाली गांडुळं सोडली तर उपसा बराच कमी होतो.

८. दुसरा माणूस

घरातलं कुणी किंवा शेजारी, पण एक माणूस असा हवा की तुम्ही अंथरुणात असताना तो न विचारता काम करेल. मी पिंजऱ्यांवर आकडे लिहिले आणि भिंतीला कागद लावला: कुठल्या पिंजऱ्यात किती डबे, कोण गाभण, कोण चावतं, पशुवैद्याचा नंबर. तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. मग एक दिवस मी खुर्चीत गप्प बसून राहिले आणि पुतण्याला एकट्यानं सगळं करायला लावलं. त्यानं पाच प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचंही उत्तर कागदावर नव्हतं. पहिलाच प्रश्न होता, "काकू, ही फिरकी कुठल्या बाजूला फिरवायची?" दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारावर रंगानं बाण काढला.