कार्नेगी हॉलची १९३८ सालची जॅझ मैफल सांगलीत कशी ऐकवावी

१६ जानेवारी १९३८ रोजी, रविवारी रात्री, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाच्या वाद्यवृंदाने जो कार्यक्रम केला, तो जॅझच्या इतिहासात फार मोठा मानला जातो. त्याचे ध्वनिमुद्रण आज कोणालाही घरबसल्या ऐकता येते. परंतु गाण्याची उत्तम जाण असलेल्या श्रोत्यांपुढे ते नुसते लावून दिले, तर पंधरा मिनिटांत बोलणी सुरू होतात, हे मी सांगलीत आमच्या घरच्या बैठकीत अनुभवले आहे. दोष श्रोत्यांचा नव्हता. कशाकडे कान द्यायचा हे मी त्यांना सांगितले नव्हते. त्यानंतर दोनदा ही बैठक नीट जमली. ज्यांना आपल्या घरी किंवा एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात असा प्रयत्न करायचा आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत येथे लिहीत आहे.

मुद्रण कोणते घ्यावे

त्या रात्री रंगमंचावरचा आवाज तारेने स्टुडिओत नेऊन तबकड्यांवर उतरवला गेला होता. गुडमनजवळची प्रत सुमारे बारा वर्षे त्याच्या घरी कपाटात पडून राहिली आणि १९५० साली कोलंबिया कंपनीने ती दोन लाँगप्ले तबकड्यांच्या रूपाने बाजारात आणली. १९९९ साली निघालेली आवृत्ती अधिक पूर्ण आहे, मात्र तिच्यात खरखरही अधिक आहे. मी खरखरीची आवृत्ती निवडतो, कारण तिच्यात वाद्यांचा आवाज जिवंत राहिला आहे, आणि मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या जुन्या तबकड्या ऐकलेल्या कानांना खरखरीची सवय असतेच. दोन चांगले स्पीकर पुरेत; आवाज फार मोठा ठेवू नये. पूर्ण कार्यक्रम सुमारे दोन तासांचा आहे. तो सगळा ऐकवण्याचा हट्ट धरू नये. दीड तासाच्या बैठकीला पाच रचना भरपूर होतात.

आधी काय सांगावे

प्रास्ताविक दहा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. काळ लक्षात आणून देण्यासाठी मी मिरजेपासून सुरुवात करतो. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी गेले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत हा कार्यक्रम झाला, एवढे सांगितले की श्रोत्यांना ते वर्ष जवळचे वाटू लागते.

मग जागेचे महत्त्व सांगावे. स्विंग नावाने लोकप्रिय झालेले हे संगीत तोवर मुख्यतः नाचघरात वाजत असे. लोक त्यावर नाचत. कार्नेगी हॉल १८९१ साली उघडला तेव्हा तेथे चायकोव्हस्कीने स्वतः वाद्यवृंदाचे संचालन केले होते. अशा सभागृहात लोक तिकीट काढून, खुर्चीवर बसून, केवळ ऐकण्यासाठी आले. सगळी तिकिटे संपली आणि रंगमंचावरही खुर्च्या मांडाव्या लागल्या. एखाद्या संगीताची बैठक बदलली की त्याच्याकडे पाहण्याची समाजाची नजर बदलते, हे नाट्यपद नाटकातून मैफलीत आलेले पाहणाऱ्या सांगलीकरांना वेगळे समजावण्याची गरज पडत नाही.

येथे एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. 'कार्नेगी हॉलमध्ये प्रथमच असे संगीत झाले' असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. २ मे १९१२ रोजी जेम्स रीस युरोप यांनी क्लेफ क्लब या संस्थेच्या कृष्णवर्णीय वादकांचा शंभराहून मोठा वाद्यवृंद त्याच सभागृहात उभा केला होता, आणि जॅझच्या वाटेवरचे ते मोठे पाऊल होते. १९३८च्या रात्रीचे मोठेपण पहिलेपणात शोधू नये. ते रंगमंचावर कोण कोणाशेजारी बसले होते, यात शोधावे. गुडमनच्या मुख्य वाद्यवृंदात सगळे गौरवर्णीय होते. परंतु त्याच्या छोट्या संचात टेडी विल्सन पियानोवर आणि लायोनेल हॅम्प्टन व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचे वाद्य) होते आणि हे दोघेही कृष्णवर्णीय. हॉटेले, शाळा, बसगाड्या यांत वर्णभेद पाळणाऱ्या देशात हे लोकांसमोर उघडपणे घडत होते; बेसबॉलच्या मुख्य स्पर्धांत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळायला १९४७ साल उजाडले. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी रात्रभर गाणे ऐकणाऱ्या, तेथे गाणाऱ्याची जात किंवा धर्म न विचारणाऱ्या श्रोत्याला यातली धग पटकन कळते.

ऐकवण्याचा क्रम

प्रत्येक रचनेआधी वादकांची नावे मोठ्याने वाचावीत. हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो, त्याचे कारण पुढे येईल.

पहिली रचना 'डोन्ट बी दॅट वे'. सुरुवातीला वादक बिचकलेले जाणवतात. मग जीन क्रूपा ड्रमवर एक जोरकस तुकडा वाजवतो, सभागृहातून टाळ्या येतात आणि वाद्यवृंद मोकळा होतो. पहिल्या आलापात गळा तापायची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांना हे ऐकून घ्यायला सांगावे. क्लॅरिनेट आपल्याकडे वरातीच्या बँडमुळे ओळखीचे असल्याने गुडमनचा आवाज वेगळा काढणे कोणालाही जमते.

दुसरी 'बॉडी अँड सोल', फक्त तिघांची: गुडमन, विल्सन, क्रूपा. येथे काहीही समजावू नये. विल्सनचा डावा हात ऐकावा, एवढेच म्हणावे. तिसरी 'द मॅन आय लव्ह'. तीत हॅम्प्टन येऊन मिळतो.

चौथ्या रचनेआधी थांबून बोटांवर मोजणी शिकवावी. 'हनीसकल रोज'चे एक आवर्तन बत्तीस बारचे असते, प्रत्येक बार चार मात्रांचा. आठ-आठ बारचे चार भाग करावेत. पहिला, दुसरा आणि चौथा भाग सारखे, तिसरा वेगळा. आमच्याकडच्या तबलजींनी हे दोन मिनिटांत पकडले आणि पुढे तिसरा भाग आला की तेच बोट वर करू लागले. एकदा हे आवर्तन हाती लागले की एकामागून एक वादक त्याच चौकटीत आपापली उपज कशी मांडतो ते दिसू लागते. या रचनेत काउंट बेसी, लेस्टर यंग, बक क्लेटन, फ्रेडी ग्रीन आणि वॉल्टर पेज हे बेसीच्या वाद्यवृंदातले, तर जॉनी हॉजेस आणि हॅरी कार्नी हे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातले कलावंत गुडमनच्या माणसांबरोबर बसले आहेत. लेस्टर यंगचा टेनर सॅक्सोफोन हलक्या आवाजात, जणू शेजाऱ्याशी बोलावे तसा येतो. मला तो साऱ्या रात्रीतला सर्वांत सुंदर क्षण वाटतो, जरी इतिहासकार पुढच्या रचनेला अधिक मान देतात.

ती पुढची रचना 'सिंग, सिंग, सिंग', सुमारे बारा मिनिटांची. क्रूपाचे ड्रम तिला सतत पुढे रेटतात. शेवटाकडे, कोणाची अपेक्षा नसताना, पियानोवादक जेस स्टेसी सुमारे दोन मिनिटे वाजवतो. पायाचा सूर फारसा हलत नाही, त्यामुळे तानपुऱ्याच्या गावच्या कानांना हा भाग सर्वांत आधी आपला वाटतो. गोंगाटानंतर हळूहळू उतरत जाणारे ते वादन ऐकताना दिवे मंद ठेवावेत आणि टाळ्यांचा आवाज पूर्ण संपेपर्यंत मुद्रण थांबवू नये.

यानंतर नावांचा हिशेब मांडावा. जाहिरातीवर नाव गुडमनचे होते. परंतु त्याच्या वाद्यवृंदाला ज्यांनी घाट दिला, त्यांतले एक मोठे संयोजक (कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारे) फ्लेचर हेंडरसन कृष्णवर्णीय होते; 'डोन्ट बी दॅट वे' रचणारे एडगर सॅम्पसनही कृष्णवर्णीय. हे मराठी श्रोत्यांना समजावताना मी 'अलबेला' या १९५१ सालच्या चित्रपटाकडे वळतो. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र यांचे नाव प्रत्येकाला ठाऊक असते. त्या संगीतात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांचा, संयोजकांचा हात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गुडमनने विल्सन आणि हॅम्प्टन यांना सन्मानाने शेजारी बसवले, याचे श्रेय त्याला पूर्ण द्यावे, आणि त्याच वेळी हेंडरसन व सॅम्पसन यांची नावेही घ्यावीत. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या नाहीत, तर त्या रात्रीचा इतिहास अर्धाच सांगितला जातो.

बैठकीचा शेवट कार्नेगी हॉलमध्ये करू नये. त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर बरेच वादक आणि रसिक न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघराकडे गेले. तेथे चिक वेब आणि काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांचा सामना रंगला होता आणि लोक नाचत होते. 'डोन्ट बी दॅट वे' मुळात याच चिक वेबच्या वाद्यवृंदाची. त्यांनी ती १९३४ साली ध्वनिमुद्रित केली होती. ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची आहे. ती शोधून ठेवावी आणि सगळ्यात शेवटी लावावी, आधी वादकांची नावे वाचून.