शेजारच्या देशाची बातमी वाचायची कशी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत चहाच्या ब्रेकला रोज कुणीतरी मोबाईल पुढे करतंच, हे बघ नेपाळ चीनकडे गेला, हे बघ मालदीव हातातून गेला. सहा महिन्यांनी तोच देश परत जवळचा मित्र झालेला असतो आणि आधी काय बोललो होतो ते सगळे विसरलेले असतात. मी पण पहिली दोन वर्षं असाच वाचायचो, परीक्षेच्या पेपरात परराष्ट्र धोरण आलं की पंचशील करार १९५४, बांडुंग परिषद १९५५, बेलग्रेडची अलिप्त देशांची परिषद १९६१ एवढं ओकायचं आणि मग पेन थांबायचं. आता जरा वेगळं वाचतो, ज्युनियर पोरं सारखी विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी नकाशा, मग बातमी. अप्पा बळवंत चौकातून भिंतीवर लावायचा मोठा नकाशा आणा, मोबाईलवर सिलिगुडीचा, म्हणजे नेपाळ आणि बांगलादेशाच्या मधला चिंचोळा पट्टा दिसतो पण डोक्यात शिरत नाही. सगळ्यात अरुंद ठिकाणी तो २०-२२ किलोमीटर आहे, म्हणजे स्वारगेटहून निघून खडकवासला धरणाच्या थोडं पुढे गेलात की संपला, आणि अख्खा ईशान्य भारत तेवढ्यावर जोडलेला. हे एकदा दिसलं की २०१७ मध्ये डोकलाममध्ये, म्हणजे या पट्ट्याच्या वरच्या बाजूला भूतान आपली म्हणतो त्या जमिनीवर, आपलं सैन्य ७३ दिवस चीनसमोर का उभं राहिलं हे कुणी समजवावं लागत नाही.

दुसरं म्हणजे जुनी मोजणी काढा. गावाकडे बांधावरून भांडण झालं की आपण काय करतो, सातबारा काढतो, जुना नकाशा काढतो. इथेही तेच, फक्त मोजणी इंग्रजांची. नेपाळचं घ्या. १८१६ चा सुगौलीचा तह, ईस्ट इंडिया कंपनीने केलेला, त्यात पश्चिमेची हद्द काली नदी. आता काली उगम कुठे पावते? नेपाळ म्हणतो लिंपियाधुराला, आपण म्हणतो कालापानीच्या बाजूला, आणि या दोन उत्तरांच्या मध्ये जेवढी जमीन येते तेवढा वाद. मे २०२० मध्ये आपण त्याच भागातल्या लिपुलेख खिंडीच्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि पुढच्याच महिन्यात नेपाळच्या संसदेने ती जमीन स्वतःच्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा मंजूर केला. त्या वेळी सगळे चीनने फूस लावली म्हणत होते, असेल-नसेल, पण दोनशे वर्षांचा कागद न बघता तेवढंच म्हणणं म्हणजे आळस आहे.

बांगलादेशाच्या बाबतीत तर कागदापेक्षा वाट बघणं जास्त महत्त्वाचं. सीमाकरार १९७४ चा, त्यांनी लगेच मंजूर केला, आपल्याकडे घटनादुरुस्ती होऊन तो पक्का व्हायला २०१५ उजाडलं. एकमेकांच्या पोटात अडकलेल्या १६२ वस्त्यांमधली माणसं तोवर ना इकडची ना तिकडची. आपल्याला ही परीक्षेतली एक ओळ, त्यांच्यासाठी ४१ वर्षं. पण दुसरी बाजूही लिहा हां, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने बंगालच्या उपसागरातल्या वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले आणि आपण तो निकाल मान्य केला. मोठ्या देशाने असं मुकाट्याने मान्य करणं जगात फार होत नाही, आणि आपल्या ग्रुपवर हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

तिसरं, त्यांची निवडणूक बघा. मालदीवमध्ये २०२३ ला अध्यक्ष मुइझ्झू 'इंडिया आउट'वर निवडून आले, मे २०२४ पर्यंत तिथले आपले जवान परत आले, आपल्याकडे नुसता संताप. पण आपण दिलेली हेलिकॉप्टरं आणि विमान तिथेच राहिलं, चालवायला आपलीच लष्कराबाहेरची तांत्रिक माणसं गेली! ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर अधिक ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची (म्हणजे परकी चलन कमी पडलं तर उसनं घ्यायची) सोय घेऊन गेले, जुलै २०२५ ला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे आपले पंतप्रधान. छोट्या देशात मोठ्या शेजाऱ्याच्या नावाने मतं मिळतात, सोसायटीच्या इलेक्शनमध्ये बिल्डरच्या नावाने मिळतात तशीच. सभेतलं भाषण आणि खजिन्याची अवस्था वेगवेगळी वाचायची.

पैसा म्हणजे बजेट, त्यात फार वेळ नको. परराष्ट्र मंत्रालयाच्या खर्चात देशवार मदतीचा तक्ता असतो, २०२५-२६ ला भूतानला २,१५० कोटी, मालदीवला ६००. दरवर्षी एवढं एक पान बघितलं तरी भाषणांपेक्षा जास्त कळतं.

आता प्रेसनोट, इथे मात्र वेळ द्या. एकाच भेटीची दोन्ही देशांची निवेदनं शेजारी शेजारी ठेवा आणि कुठला शब्द एकात आहे, दुसऱ्यात नाही ते अधोरेखित करा. गाळलेल्या शब्दाची किंमत बघायची तर जून २०२५ ची शांघाय सहकार्य संघटनेची संरक्षणमंत्र्यांची बैठक बघा, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याचा उल्लेख नाही म्हणून राजनाथ सिंहांनी सही केली नाही आणि संयुक्त निवेदन निघालंच नाही.

आणि निष्कर्ष पेन्सिलने लिहा, संबंध बदलले की ते खोडावे लागतात. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री झाले, सह्याद्री धावला वगैरे आपल्याला पाठ आहे, पण १९७४ ते ७७ तेच परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांच्याच काळात, १९७६ मध्ये, आपला राजदूत परत बीजिंगला गेला हे किती जणांना माहितेय?

सरावाला भूतान घ्या. १९४९ च्या कराराचं कलम २ आणि २००७ च्या नव्या कराराचं कलम २, दोन्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाईटवर मिळतात. पहिल्यात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं असं आहे, दुसऱ्यात ते गेलंय आणि त्याजागी काय आलंय ते स्वतः वाचून काढा, भूतानच्या बाजूने दहा ओळी लिहा, मग आपल्या बाजूने दहा. वही संध्याकाळी सहाच्या चहाला घेऊन या, चहा तुमच्याकडून.